विमानाचं नाक आणि चार ग्रॅम

माझं विमान शेपटीवर बसत नाही! बढाई नाही, गणित आहे. प्रवासी विमानांच्या छोट्या प्रतिकृती करणाऱ्या कुणालाही विचारा. हे प्लास्टिकचं विमान मागे जड असतं. दोन अर्धी जोडण्याआधी नाकात नेमकं वजन भरलं नाही, तर पुढचं चाक हवेत उचलून ते शेपटीवर फतकल मारतं. आमच्या क्लबात याहून मोठी नामुष्की नाही. बाकीचे बिचारे दहादा तोलून बघतात. मी कागदावर हिशेब करतो आणि थेट चिकटवतो!

खऱ्या विमानात मी दोन घोरणाऱ्यांच्या मधला प्रवासी असतो. टेबलावरच्या विमानाची खिडकी न् खिडकी मी रंगवतो आणि ते माझ्यासाठी थांबतं. या वेळचं हातभर लांब होतं. सहा महिने खपलो होतो. प्रदर्शनात पहिला नंबर आपलाच, हे मी सगळ्यांना सांगून ठेवलं होतं.

चिकटवायच्या दिवशी बायकोला हाक मारली.

"दोन्ही अर्धी दाबून धर. आधी ती अंगठी काढ, रंगाला ओरखडा पडेल!"

"अहो, दूध गॅसवर आहे!"

"पाचच मिनिटं!"

पन्नास मिनिटं लागली. दूध उतू गेलं. पण विमान पुढच्या चाकावर असं ऐटीत उभं राहिलं, की मी क्लबातल्या तिघांना फोन केले.

थोड्या वेळाने बायको म्हणाली, "माझी अंगठी कुठे ठेवली मी?"

लग्नातली अंगठी! घर उलथंपालथं झालं. मुक्कामाला आलेल्या सासरेबुवांनी कचऱ्याचा डबा वर्तमानपत्रावर ओतला. दुसऱ्या दिवशी प्लंबरने सिंकखालचा पाइप खोलला. त्यातून माझा रंगाचा ब्रश निघाला, आणि त्यावरून वेगळं भांडण झालं.

मी आपला विमान उचलून कपाटावर ठेवायला गेलो. आत टिक् झालं. तिरकं केलं. पुन्हा टिक्! त्या दिवशी टेबलावर अंगठी ठेवण्याजोगी वाटीसारखी एकच वस्तू होती, विमानाचं उजवं अर्धं. आणि माझा चष्मा होता कपाळावर!

"काय वाजलं हो?" बायकोने आतून विचारलं.

"गुडघा! माझा गुडघा!"

खरं सांगितलं तर विमान फोडावं लागणार, आणि प्रदर्शन चार दिवसांवर! अंगठी काय पळून जातेय, असं मी मनाला समजावलं. जेवताना बायको रिकाम्या बोटाकडे बघायची. लाज वाटली मला, अगदी मनापासून वाटली. तरी तोंड काही उघडलं नाही.

प्रदर्शनाचे परीक्षक निवृत्त दंतवैद्य होते. त्यांनी विमान उचललं, नखाने ठोकलं, कानाशी नेलं.

"नाकात काहीतरी हलतंय."

"वजन असेल, डॉक्टर!"

त्यांनी खिशातला टॉर्च काढून कॉकपिटच्या काचेतून आत बघितलं. "वजन चकाकत नाही हो."

सोबत आलेली बायको माझ्याकडे वळली. "गुडघा का?"

डॉक्टरांचा चिमटा खिशातच होता, चाळीस वर्षांची सवय! "दुखणार नाही," ते विमानाला म्हणाले. काच अलगद निघाली, अंगठी बाहेर आली, काच परत बसली. ओरखडासुद्धा नाही! बायकोने अंगठी बोटात घातली. डॉक्टरांनी विमान टेबलावर ठेवलं. मी सुटलो म्हणून हुश्श केलं.

तेवढ्यात, अख्ख्या क्लबासमोर, विमानाने सावकाश नाक उचललं आणि शेपटीवर फतकल मारलं.

"चार ग्रॅम कमी पडले तुमच्या गणितात," डॉक्टर म्हणाले, आणि वहीत काहीतरी लिहू लागले.

मी बायकोच्या कानाशी लागलो. "अगं, फक्त निकालापर्यंत देतेस का परत?"

तिने मूठ घट्ट मिटली.

"गुडघा घाला त्यात!"