खिडकीताई रांगेत उभ्या राहतात

"तीन दिवस मी कुणाचं काही करणार नाही! इकडची काडी तिकडे नाही!" असं खिडकीताईंनी रविवारी जाहीर केलं, पण ते भांडी घासता घासता. त्यामुळे घरात कुणी फारसं मनावर घेतलं नाही.

खिडकीताई हे काही त्यांचं पाळण्यातलं नाव नव्हे. दवाखान्यात केसपेपरच्या खिडकीमागे त्यांनी तेवीस वर्षं काढली होती. नाव, वय, काय होतंय, पुढचा! नाव, वय, काय होतंय, पुढचा! दिवसाला तीनशे माणसं. एवढ्या वर्षांत त्यांना उलट कुणी "तुम्हाला काय होतंय?" असं विचारलं नव्हतं. विचारलं असतं तर उत्तर तयार होतं, "दमलेय."

बारावीनंतर राहून गेलेलं शिक्षण पुरं करायला यंदा त्यांनी कॉलेजात प्रवेश घेतला. कॉलेजच्या आधी ओरिएंटेशन, आणि त्याच्याही आधी नव्या विद्यार्थ्यांसाठी तीन दिवसांचं प्री-ओरिएंटेशन! म्हणजे जेवायच्या आधी हात धुवायचे आणि हात धुवायच्या आधी बाह्या सरसावायच्या, तशातली गत. पण पत्रात एक ओळ होती, 'विद्यार्थ्यांनी केवळ आसनस्थ व्हावे. अन्य सर्व व्यवस्था आम्ही करू.' ही ओळ ताईंनी अकरा वेळा वाचली. अन्य सर्व व्यवस्था दुसरं कुणीतरी करणार! टेबलापलीकडून कुणीतरी त्यांचं नाव विचारणार आणि त्या नुसत्या जाऊन बसणार. त्यांना अगदी भरून आलं.

पण तीन दिवस बसायचं म्हणजे आधी घराची तयारी आली. घरात मास्तर आणि सासूबाई. मास्तर म्हणजे ताईंचे यजमान, लोकांना गाडी चालवायला शिकवतात. शिकाऊ माणसाशेजारी बसून वीस वर्षं ब्रेक दाबल्यामुळे सोफ्यावर बसल्या बसल्याही त्यांचा उजवा पाय मधूनच दाबला जातो. सासूबाईंच्या गोळ्या तीन, वेळा तीन आणि सबबी तीनशे. ताईंनी एका हिरव्या फाइलीत 'पहिला दिवस, दुसरा दिवस, तिसरा दिवस' असं सगळं घर लिहून काढलं. दूध कधी, शिट्ट्या किती, गोळी कोणती. दुसऱ्या फाइलीत कॉलेजचं पत्र, फोटो आणि वेळापत्रक. वेळापत्रकसुद्धा स्वतःच्या हाताने उतरवलेलं, कारण छापलेल्या कागदावर खिडकीताईंचा विश्वास नाही! दोन्ही फायली दवाखान्यातल्या, दोन्ही हिरव्या. इथेच घात झाला.

"हे बघा, फाइलीत लिहिलंय तसंच करायचं. स्वतःचं डोकं चालवायचं नाही," निघताना ताई म्हणाल्या.

"या घरात कधी चालवलंय?" मास्तर म्हणाले.

कॉलेजात साडेआठला नोंदणी सुरू, साडेदहाला बंद. टेबलामागे समन्वयक सर एकटेच होते, कारण त्यांच्या मदतीला येणारे दोघे उगवलेच नव्हते. समोर दीडशे मुलं. रांग कसली, नुसता घोळका! कोपरं खात खात ताई तासाभराने टेबलापर्यंत पोचल्या आणि त्यांनी फाइल पुढे केली. सर वाचू लागले.

"'गुलाबी गोळी न्याहारीनंतर. आई घेतली म्हणतील, विश्वास ठेवू नये.' ताई, हे काय? प्रवेशाचं पत्र कुठाय?"

ताईंनी तिथूनच घरी फोन लावला. "अहो, फायलींची अदलाबदल झालीय!"

"तरीच!" मास्तर म्हणाले. "पहिल्या दिवशी नुसती नोंदणी आणि भाषण, म्हणून आम्ही दुसरा दिवसच धरला. नऊ ते साडेनऊ 'परस्पर परिचय' होता. आईने स्वतःचं नाव सांगितलं. मग मला विचारलं, आपले छंद काय?"

"आणि तुम्ही सांगितलेत?"

"लिहिलंय तसंच करायचं ना! आता 'मनमोकळी चर्चा' चालू आहे. विषय तूच आहेस."

"आणि गोळी?"

"ती यात कुठेच नाही. साडेदहाला 'मैदानी खेळ' आहेत मात्र. आई गुडघ्याला पट्टा बांधून बसलीय."

"तो सोडा आधी! गुलाबी गोळी द्या आणि फाइल घेऊन निघा. साडेदहाच्या आत!"

"निघतो. पण शिकाऊ काका येऊन बसलेत गाडीत. गाडी तेच चालवणार."

"जोरात आणतील?"

"दुसरा गिअर परवाच शिकलेत."

ताई बाजूला जाऊन उभ्या राहिल्या, हातांची घट्ट घडी घालून. कुणाचं काही करायचं नाही! समोर सरांनी एकाच मुलाची दोनदा नोंद केली. ताईंनी आवारातल्या झाडाकडे बघितलं. सरांनी एकीचं ओळखपत्र दुसरीला दिलं. ताईंनी आणखी जोर लावून झाडाकडे बघितलं. मग सरांनी भरलेले आणि कोरे अर्ज एकाच गठ्ठ्यात ठेवले, आणि ताईंचा धीर सुटला.

"एका रांगेत या! पत्र हातात धरा! मधे कोण घुसतंय?"

घोळक्याची दोन मिनिटांत रांग झाली. सर इतके चपापले की उठून उभेच राहिले. रिकामी खुर्ची दिसताच ताई बसल्या. खुर्ची मिळाली, पण टेबलामागची!

"नाव? शाखा? काय होतंय?"

"थोडी भीती वाटतेय," एक मुलगा प्रामाणिकपणे म्हणाला.

"वाटणारच. पुढचा!"

साडेदहाला ताईंनी नेहमीच्या सवयीने वहीवर रेघ मारली आणि ती मिटली. दहा एकतीसला एक मुलगी धापा टाकत आली.

"साडेदहा म्हणजे साडेदहा! उद्या या," ताई मान वर न करता म्हणाल्या. मुलगी पायरीवर जाऊन बसली.

दहा चाळीसला फाटकातून एक गाडी उचक्या देत आत आली. आत मास्तर दोन्ही पायांनी ब्रेक दाबत होते. त्यांनी खिडकीतून फाइल दिली, आणि ताई घाईघाईने टेबलाच्या अलीकडच्या बाजूला जाऊन उभ्या राहिल्या.

"सर, माझी नोंद राहिलीय."

सरांनी घड्याळाकडे बघितलं, मग पायरीवरच्या मुलीकडे. "ताई, नियम आत्ताच तुम्ही सांगितलात ना?"

पत्र हातात असून 'उद्या या' ऐकायला कसं वाटतं, ते ताईंना तेवीस वर्षांत पहिल्यांदा कळलं. स्वतःचं वाईट वाटलं, पण त्याहून जास्त त्या मुलीचं वाटलं.

"सर, चुकलंच माझं. निदान हिला तरी घ्या. माझं उद्या बघू," त्या म्हणाल्या.

"दोघींनाही घ्या," सर म्हणाले. "पण तुम्हीच घ्या. वहीत तुम्ही काय खुणा केल्यात, मला कळत नाही!"

ताईंनी आधी मुलीची नोंद केली, "काय होतंय?" सकट. मग स्वतःची. टेबलामागे बसून नाव लिहिलं, पुढे येऊन सही केली, परत मागे जाऊन शिक्का मारला. मुलगी बघत होती.

"आणि तुम्हाला काय होतंय?" तिने विचारलं.

ताईंचा हात शिक्क्यावरच राहिला.

"दमलेय गं."

"मग चला ना, बसू या."

सभागृहात मागच्या रांगेत त्या मुलीशेजारी खिडकीताई आसनस्थ झाल्या. व्यासपीठावर प्रमुख पाहुणे 'वेळेचे नियोजन' या विषयावर तासभर बोलणार होते. पहिल्या पाच मिनिटांतच ताईंची मान मुलीच्या खांद्यावर कलली. तेवीस वर्षांची झोप होती ती!

पाहुणे पाणी प्यायला थांबले. सभागृह शांत झालं, आणि त्या शांततेत मागच्या रांगेतून झोपेतच खणखणीत आवाज आला, "पुढचा!"

पाहुण्यांनी मुकाट्याने कागद गोळा केले आणि ते खाली उतरले.