दाबून झालेली जागा

माणूस जगात येताना सामान आणत नाही आणि जाताना नेत नाही. मधल्या काळात मात्र त्याला दर मे महिन्यात गावी जावं लागतं.

गावी न्यायच्या सामानाचे तीन प्रकार आहेत. पहिलं स्वतःचं, दुसरं घरच्यांनी सांगितलेलं, आणि तिसरं ‘तुमच्या बॅगेत जागा असली तर’ या नावाखाली येणारं. तिसरं सर्वांत जड असतं. डोंबिवली पूर्वेला मानपाडा रोडवर ‘समाधान’ नावाची सहकारी गृहनिर्माण संस्था आहे (तीन मजले, लिफ्ट नाही, पाणी एक दिवसाआड, बाकी समाधान). तिथली निम्मी बिऱ्हाडं राजापूर-लांज्याकडची. त्यामुळे गावी निघालेला माणूस तिथे माणूस नसून सोय समजला जातो. एस.टी.चं तिकीट हातात पडायचा अवकाश, बातमी त्याच्या आधी जिना चढते आणि दिवेलागणीपर्यंत दारात औषधाची बाटली, मुंजीची पत्रिका, दुरुस्त केलेला चष्मा आणि कुणाच्या तरी सासऱ्याची चप्पल येऊन बसते.

याला नकार देण्याची सभ्य रीत एकच. ‘चेन लागत नाही हो.’ तब्येतीचं, गर्दीचं, पोरांचं कारण सांगितलं की माणसं दुखावतात आणि पुढे सत्यनारायणाला बोलवत नाहीत. पण चेन लागत नाही म्हटल्यावर कुणालाही दुखावून घेता येत नाही. चेन कुणाच्या बाजूची नसते. तिने दिलेला निकाल दोन्ही पक्ष मान्य करतात आणि चप्पल परत घेऊन जातात. समाधानमधले कित्येक संसार या एका चेनवर टिकून होते.

तिसऱ्या मजल्यावरचे कुंडलिक मांडवकर यांना ही चेन जपण्याचं महत्त्व कळायला हवं होतं, कारण वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्यात ते पॅकिंग खात्यातच होते. खोक्यात माल बसवणं हा त्यांचा व्यवसाय आणि बसत नाही असं कबूल न करणं हा स्वभाव. अशा माणसाच्या हाती हवा ओढायचा विजेचा पंप लागणं, ही चौऱ्याण्णव सालच्या मे महिन्यातली एक घटना आहे.

पंप आणला धाकूने. धाकू हा त्यांचा धाकटा भाऊ, मस्कतला कामाला. मस्कतहून येणारा माणूस पूर्वी टेपरेकॉर्डर आणायचा, मग मिक्सर आणायला लागला. या वेळी धाकूने जाड प्लॅस्टिकच्या मोठमोठ्या पिशव्या आणि शिलाई मशीनच्या डोक्याएवढा एक पंप आणला. पिशवीत कपडे भरायचे, तोंड बंद करायचं, बुचाला नळी लावायची, बटण दाबायचं. आतली हवा निघते आणि कपडे पापडासारखे चपटे होतात. पंप कुठेही नेता येतो, असं खोक्यावर इंग्रजीत छापलेलं होतं. उचलणार कोण, हे छापलेलं नव्हतं.

पहिल्या दिवशी गोधडी दाबून पाहिली. गोधडी दाराखालून सरकवता येईल एवढी झाली. कुंडलिकरावांनी ती चार वेळा सरकवूनही पाहिली.

त्यांच्या पत्नी तुळसा ओट्यापाशी उभ्या राहून पाहत होत्या. त्यांनी पदराला हात पुसले आणि म्हणाल्या, “म्हणजे आता जागा होणार?”

“जागाच जागा!”

“मग यंदा एक बॅग माझी. अख्खी. दुसऱ्या कुणाचा रुमालसुद्धा नको तिच्यात.”

ही मागणी वरवर पाहता किरकोळ वाटेल. तिचा इतिहास असा : दर मे महिन्यात तुळसांची बॅग सर्वांत शेवटी भरली जाई, आणि तोपर्यंत ती लोकांनी भरलेली असे. त्यांचे कपडे नवऱ्याच्या बॅगेच्या कोपऱ्यात जात. आदल्या वर्षी तर त्या लांज्याला माहेरी पोचल्या त्या हातात वाटेत घेतलेली केळ्यांची फणी घेऊन. वहिनीने फणी उचलून देवापुढे ठेवली आणि काही बोलली नाही. ते न बोलणं तुळसांनी वर्षभर ऐकलं होतं. यंदा भावाच्या मुलीचं, जनीचं लग्न होतं. तुळसांनी वर्षभर लोकांच्या साड्यांना फॉल लावून माहेरच्या प्रत्येक बाईसाठी साडी घेतली होती. वहिनीला, दोघी काकूंना, आतेला, आणि ज्यांच्याशी बोलणं नव्हतं त्या मामीलासुद्धा.

“दिली!” कुंडलिकराव म्हणाले. “शब्द दिला तुला.”

शब्द त्यांनी मनापासून दिला होता. मोडला तोही मनापासूनच.

नवी वस्तू घरात आली आणि शेजाऱ्यांनी पाहिली नाही, तर ती आली असं धरत नाहीत. रविवारी सकाळी कुंडलिकरावांनी पंपाला हळद-कुंकू लावलं, नारळ फोडला आणि जिन्याच्या चौकात जाहीर प्रात्यक्षिक केलं. दुमजली रजई खाली बसत बसत पुस्तकाएवढी झाली. टाळ्या पडल्या. जमलेल्यांपैकी निम्मे लोक रजईकडे बघत होते. उरलेले निम्मे, रजईशेजारी जी रिकामी जागा झाली होती, तिच्याकडे.

“कशाला दाखवलंत?” घरात आल्यावर तुळसा म्हणाल्या.

“अगं, बघितल्याने काय झिजतो का पंप?”

“झिजत नाही, तेच तर.”

दुसऱ्या दिवशी तळमजल्यावरच्या रंगूबाई आल्या. त्यांच्या मागून त्यांची गादी आली.

“भावाकडे द्यायची हो, राजापूरला. जागा असली तर.”

कुंडलिकरावांनी सवयीने तोंड उघडलं, “चेन...”

“चेन कशी नाही लागणार?” रंगूबाई गोड आवाजात म्हणाल्या. “काल एवढी रजई बसवलीत की! माझी गादी तर तुमच्या रजईच्या मानाने काहीच नाही. म्हातारीच आहे बिचारी.”

‘चेन लागत नाही’ ही समाधानमध्ये वर्षानुवर्षं चालत आलेली रीत त्या क्षणी बंद पडली. पंप येण्यापूर्वी लोक बॅगेत बसेल असं सामान देत. पंप आल्यावर बॅगेत बसणार नाही असंच द्यायला लागले, कारण बसणारं सामान काय कुणीही नेतं. दुसऱ्या मजल्यावरून लोकरीचे स्वेटर आले. (कोकणात, मे महिन्यात, घामाच्या धारा लागलेल्या असताना स्वेटर कशाला, असं विचारल्यावर उत्तर मिळालं : “घालायला नाही हो. ठेवायला. तिकडे माळा मोठा आहे.”) उशा आल्या. जुने पडदे आले. एका बिऱ्हाडातून मच्छरदाणी आली, ती बांबूसकट. बांबूतली हवा निघत नाही हे त्या गृहस्थांना पटायला बराच वेळ लागला, आणि पूर्ण पटलं असं आजही म्हणता येणार नाही.

कळव्याहून भीमाबाई आल्या. कुंडलिकराव कामावरून येताना कळव्याला उतरून खाडीकाठच्या ज्या कोळणीकडून मासळी घेत, त्या या. त्यांची मुलगी लांज्याजवळ दिली होती. भीमाबाईंनी टोपली जमिनीवर आपटली.

“कुंडलिका, माजे पोरीला जवला धाडाचा हाय. तिकरच्या जवल्याला चव नाय रं.”

“मावशी, कोकणात सुकी मासळी कुणी नेतं का? आणि वास?”

“तुजी मशीन हवा काढते ना? मंग वास काय एकटा मागं ऱ्हातो?”

या प्रश्नाचं उत्तर मस्कतहून आलेल्या माहितीपत्रकात नव्हतं. जवळा दाबला. त्याची वीट झाली. वास वेगळा निघाला आणि तिसऱ्या मजल्यावर राहिला.

अखेर संस्थेला दखल घ्यावी लागली. चिटणीस परशुराम आंबेरकर हे सरकारी कचेरीतून निवृत्त झालेले गृहस्थ होते, आणि निवृत्तीनंतर त्यांची ठराव लिहिण्याची भूक तशीच राहिली होती. तातडीच्या सभेत त्यांनी पुढील ठराव मांडला : ‘ज्याअर्थी दाबल्यामुळे निर्माण होणारी जागा ही दाबण्यापूर्वी कोणाच्याही मालकीची नव्हती, आणि ज्याअर्थी ती दाबताना लागणारी वीज जिन्याच्या दिव्याच्या मीटरवरून घेतली गेली होती (रविवारचे प्रात्यक्षिक पाहावे), त्याअर्थी सदरहू जागा गच्चीप्रमाणे सामाईक समजण्यात यावी, तसेच सदरहू पंप हाही संस्थेच्या उपयोगाची वस्तू समजण्यात यावा.’ ठराव टाळ्यांच्या गजरात मंजूर झाला. कुंडलिकराव हरकत घेणार होते, पण तेवढ्यात त्यांची हवानिष्कासन उपसमितीच्या अध्यक्षपदी एकमताने निवड झाली आणि शाल-श्रीफळ देण्यात आलं. शाल खांद्यावर असताना माणसाला हरकत घेता येत नाही.

“अध्यक्ष!” घरी येऊन ते म्हणाले.

“शालसुद्धा दाबायची का?” तुळसांनी विचारलं.

पुढचा आठवडा तुळसांच्या बॅगेचा इतिहास म्हणून लिहिण्यासारखा आहे. सोमवारी ती अख्खी त्यांची होती. मंगळवारी कुंडलिकराव म्हणाले, “तुझ्या साड्या अगदी जराशा दाबल्या तर स्वेटर बसतील.” साड्या दाबल्या. त्या मुळात घडी केलेल्या; त्यांच्यात हवा ती किती असणार? पण स्वेटर बसले. बुधवारी उशा बसल्या. गुरुवारी साड्या एका कोपऱ्यात होत्या. हे सगळं कुठेही जबरदस्ती न करता झालं. प्रत्येक वेळी फक्त ‘एवढंच’ होतं.

शुक्रवारी कुंडलिकरावांच्या लक्षात एक तांत्रिक बाब आली. गावी पिशव्या उघडणार. उघडल्या की सामान फुगणार. येताना तिकडचे लोक फणसपोळी, कोकम आणि सुकवलेले गरे देणार. म्हणजे येताना पुन्हा दाबावं लागणार. म्हणजे पंप बरोबर न्यायला हवा. पंप दाबता येत नव्हता. दाबणारी वस्तू स्वतः दाबली जात नाही, हे कारखान्यातही त्यांनी पाहिलेलं होतं. पंप, त्याची नळी आणि मस्कतच्या चौकोनी पिनांसाठी घेतलेला जाडजूड अडॅप्टर मिळून बरोबर एक कोपरा लागत होता.

“तुळसा,” ते हलकेच म्हणाले, “साड्या काय, हातातल्या पिशवीतसुद्धा जातील.”

“हातातल्या पिशवीत पाण्याची बाटली आहे आणि आंबेरकरांच्या मेहुण्याचा प्रेशर कुकर.”

“मग... पुढच्या खेपेला?”

“लग्न पुढच्या खेपेला आहे का?”

कुंडलिकरावांनी पंपाची नळी गुंडाळायला घेतली. तुळसा पुढे काही बोलल्या नाहीत. बायकांच्या गप्प बसण्याचा अर्थ संमती असा लावायची पद्धत महाराष्ट्रात जुनी आहे आणि सोयीची असल्यामुळे कुणी ती बदललेली नाही. पंप बॅगेत गेला. साड्या पलंगावर राहिल्या.

शनिवारी सकाळी ठाण्याच्या डेपोला जाण्यासाठी दोन रिक्षा आवारात उभ्या राहिल्या. पाच बॅगा खाली आल्या. दिसायला सडपातळ, नवरीसारख्या. रिक्षावाल्याने एक उचलली आणि परत खाली ठेवली.

“काय भरलंय काका? फरशी?”

“कपडे. हवा काढलेली आहे.”

“हवा काढल्यावर हलकं व्हायला पाहिजे ना?”

“वजन हवेत नव्हतं,” कुंडलिकराव म्हणाले. हे त्यांना स्वतःलाही त्याच वेळी समजत होतं.

निरोपाला सगळी सोसायटी जमली होती. निरोप हे निमित्त. आपापली वस्तू नीट चढते का हे बघायचं होतं. आंबेरकर पायरीवर उभे राहून ‘आज आपल्या संस्थेची हवा थेट राजापूरपर्यंत’ असं काहीसं बोलायला लागले होते. तेवढ्यात तुळसा जिना उतरून आल्या. हातात साड्यांचा गठ्ठा होता. त्यांनी तो रिक्षाच्या सीटवर ठेवला, खाली बसल्या, पहिल्या बॅगेची चेन उघडली आणि आतल्या पिशवीचं बूच काढलं. मग दुसऱ्या बॅगेचं. मग तिसरीचं. अगदी शांतपणे, वालाच्या शेंगा सोलाव्यात तसं.

आधी फक्त सुस्कारे ऐकू आले. मग रंगूबाईंची गादी उठून बसली. तिने उशांना ढकललं, उशांनी पडद्यांना, आणि स्वेटरांनी बाह्या बाहेर काढून आवार पाहिलं. जवळ्याच्या विटेला तडा गेला, तेव्हा आंबेरकरांचं भाषण मधेच थांबलं. पुढची रांग दोन पावलं मागे सरली.

“अगं बाई, हे काय केलंस?” रंगूबाई ओरडल्या.

“चेन लागत नाही हो,” तुळसा म्हणाल्या.

“मांडवकर!” आंबेरकरांनी चिटणिसाचा आवाज काढला. “बघताय काय? पंप लावा! वॉचमनच्या खोलीत प्लग आहे!”

सगळे कुंडलिकरावांकडे बघायला लागले. तुळसा मात्र बघत नव्हत्या. त्या साड्यांच्या घड्यांवर पडलेल्या वळ्या तळहाताने सपाट करत होत्या. कुंडलिकरावांच्या डोळ्यांसमोर अध्यक्षपद आलं, आणि त्याच्या पाठोपाठ देवापुढे ठेवलेली केळ्यांची फणी. ती त्यांनीही पाहिली होती. फक्त ती आपल्यामुळे आली असं त्यांना वाटलं नव्हतं. ते वाकले, बॅगेतून पंप बाहेर काढला, नळी काढली, अडॅप्टर काढला, आणि तिन्ही वस्तू आंबेरकरांच्या हातात ठेवल्या.

“ठरावाप्रमाणे सामाईक आहे, साहेब. संस्थेने सांभाळावा.”

आंबेरकर वजनाने एक पायरी खाली आले. (यात कुंडलिकरावांचं धैर्य किती आणि उभ्या रिक्षांची मीटरं किती, याची वेगवेगळी नोंद नाही.) रिकाम्या कोपऱ्यात तुळसांनी साड्या ठेवल्या. मग स्वेटर, उशा बाहेर काढून अख्ख्या बॅगेत त्या ऐसपैस पसरवल्या. भीमाबाईंचा जवळा तेवढा त्यांनी हातातल्या पिशवीत घेतला. कुकर आंबेरकरांना परत दिला. गादी घेऊन रंगूबाई घराकडे निघाल्या.

लग्न नीट पार पडलं. मामीने साडी घेतली, घडीवरची आडवी-उभी चौकट बघून ‘मुंबईची डिझाईन वाटतं’ म्हणाली, आणि बोलणं सुरू झालं.

पंप समाधानच्या कार्यालयात आहे. संस्थेच्या अहवालात त्याचा ‘अत्यंत उपयुक्त’ असा उल्लेख दरवर्षी येतो.

या हकिकतीवरून समाधान सोसायटीतले लोक फारच अप्पलपोटे, आणि आपण तसे नाही, असा निष्कर्ष वाचकांनी काढलाच असेल. तो बरोबर आहे. एवढा मजकूर बसल्या जागी, मध्ये न उठता वाचण्याइतकी मोकळीक आपल्याला मिळाली, हे आपल्या घरच्या सलोख्याचंच लक्षण म्हणायचं. ती मोकळीक घरात आधीपासूनच होती, की कुणाचं तरी काही दाबून झाली, हे आतल्या खोलीत विचारून घेता येईल. उत्तर आलं नाही, तर संमती समजावी.