बॅरनसाहेबांचा ना-हरकत दाखला

परदेशी भयपट त्या काळी आपल्याकडे यायचा तो आतल्या भुताला सोबत घेऊनच, आणि भुताचे कागद पुरे झाल्याशिवाय पिक्चरचे डबे बंदरातल्या गोदामातून हलत नसत. हे काम आमच्या परकीय भूत परवाना कक्षाकडे होतं. मी तिथे एकवीस वर्षं लिपिक होतो. ते जुने भयपट आपल्याकडे का लागले नाहीत याबद्दल लोक काहीबाही बोलतात. कोणी म्हणतं वरून दबाव होता, कोणी म्हणतं आपल्याला घाबरायला वेळ नव्हता. तसं काही नाही. कागद पुरे होत नसत, एवढंच.

इतर देशांतही नियम होतेच. एका बेटावर पाच फुटांपेक्षा उंच भूत चालत नसे, कारण तिथल्या घरांची दारंच तेवढी. एका वाळवंटी देशात भुताने सावलीची सोय स्वतः करून यायची होती. त्या मानाने आम्ही फारच उदार. आम्ही तीनच गोष्टी मागायचो: मृत्यूचा दाखला, राहत्या जागेचा पुरावा आणि स्थानिक भुतांचं ना-हरकत पत्र. आपल्याकडे भूत म्हटलं की त्याला जागा ही असतेच. पिंपळ, विहीर, निदान गावची वेस तरी. बाहेरून येणारे मात्र अर्जात बेधडक ‘किल्ला’ असं लिहायचे, आणि तो किल्लाही समुद्रापलीकडचा. असे अर्ज मी स्वतः परत पाठवलेले आहेत आणि मला त्याचं काडीचं वाईट वाटलेलं नाही.

अनसूयाबाई तोरस्करांचा अर्ज वेगळा होता. देवगडजवळच्या एका गावात त्यांची पत्र्याची टॉकीज होती. नवरा गेल्यावर बाई एकट्याच ती चालवत होत्या. जागा दाजीशेटची. दाजीशेटने निरोप धाडला होता की दिवाळीत टॉकीज भरली तर ठीक, नाहीतर पाडव्याला तिथे आंब्याचा रस डबाबंद करायचं यंत्र बसेल. बाई श्रावणात आमच्या कचेरीत आल्या आणि माझ्या टेबलासमोर पिशवी ठेवून बसल्या.

“देवांची पिक्चरा बघून बघून लोक कंटाळले,” त्या म्हणाल्या. “देव येतत, आशीर्वाद देतत, जातत. आता माका भूत होया. आणि ता दिवाळीआधी होया.”

“जागेचं काय?” मी विचारलं.

“टॉकीजच्या मागे चिंच असा. गर्द. खाली दिवसाढवळ्या काळोख.”

मी अर्ज दाखल करून घेतला. एकवीस वर्षांत झाडाचा पत्ता असलेला तो पहिलाच अर्ज.

भूत आठवड्याभराने हजर झालं. काळा झगा, पांढराफटक चेहरा, दोन लांब सुळे. हुद्द्याने बॅरन. उन्हाचं त्याला वावडं होतं, थेट ऊन लागलं की राख होणार, म्हणून आम्ही त्याला जुन्या फायलींच्या खोलीत बसवलं. पहिली अडचण मृत्यूच्या दाखल्याची. तीनशे वर्षांपूर्वी आपण मेलो, पण पूर्णपणे नाही, असं त्याचं म्हणणं. आमचे टिपणीससाहेब शांतपणे चष्मा पुसत ऐकत होते. त्यांनी रकान्यात ‘मृत्यू प्रलंबित’ असा शेरा मारला आणि अशी किती प्रकरणं आपल्याकडे पडून आहेत म्हणून मला दिलासा दिला.

दुसरी अडचण चिंचेची. त्या चिंचेवर आधीपासून एक जाखीण राहत होती. तिला रीतसर विचारणा झाली. उत्तरेकडची फांदी देण्यास हरकत नाही, मात्र इसमाने घोरू नये, असं तिचं उत्तर सव्वा महिन्याने आलं.

तोवर बॅरन फायलींच्या खोलीत बसून होता. आणि इथे आमची चूक झाली. ती मी कबूल करतो. समोर माणूस उपाशी बसलेला असताना आपला डबा उघडायचा, हे आमच्यापैकी कुणाला जमेना. त्याला लागायचं रक्त. ते कचेरीत मिळण्यासारखं नव्हतं. टिपणीससाहेबांनी घरून कोकमाचं सरबत आणलं आणि रंग बघून घे म्हणाले. त्याने ते बेतानेच चाखलं, मग तांब्या तोंडाला लावला. पुढे भेंडीची भाजी आली, वरणभात आला, शुक्रवारी कुणाच्या तरी घरचं पुरण आलं. बॅरनच्या गालांवर तुकतुकी चढली. वेळ जावा म्हणून तो फायली वाचू लागला आणि त्यातून मराठी शिकला.

“उपरोक्त भाजी उत्तम आहे,” तो मला म्हणायचा. “सबब आणखी वाढावी.”

दिवाळीच्या तोंडावर आमच्या घरची कडबोळी मी त्याला दिली. आमच्या मंडळींची कडबोळी कडक असतात, हे मला माहीत होतं. डावा सुळा मुळापासून तुटला. बॅरनने तो हातात घेऊन पाहिला आणि आणखी एक कडबोळं मागितलं. मला त्या रात्री झोप लागली नाही, कारण अनसूयाबाईंचं तोंड डोळ्यांसमोर येत होतं.

आता भूत आणि पिक्चर हे मुळात एकच. भुताला जे होतं ते पिक्चरला होतं. अमावास्येच्या आधीच्या मंगळवारी, टळटळीत दुपारी बारा वाजता, चाचणीचा खेळ लावला. खिडक्यांना जाड पडदे होते. स्थानिक भुतांच्या वतीने आबा समंध आले होते. आमच्या आवारातल्या वडावर ते चार पिढ्यांपासून राहतात. अनसूयाबाई सकाळच्या बोटीने आल्या होत्या.

पडद्यावर नायिका पलंगावर झोपलेली. खिडकी करकरली. धुकं आत आलं, धुक्यातून बॅरन आला. मूळ कथेत तो इथे तिच्या मानेशी वाकतो. बॅरन वाकला. तिची सरकलेली गोधडी त्याने नीट केली आणि विचारलं, “उपरोक्त ताई, जेवलात का?”

नायिकेने किंचाळायला तोंड उघडलं होतं. ते तसंच राहिलं. मग तिने खरं काय ते सांगितलं: शूटिंगच्या गडबडीत राहूनच गेलं.

आबा समंधांनी डोळे टिपले. “हा आपल्यातलाच झाला,” ते म्हणाले आणि ना-हरकत पत्रावर अंगठा उठवला.

भूत पास झालं. पिक्चर नापास झालं. भयपटाला निदान एक तरी किंकाळी लागते असा नियम आहे, आणि टिपणीससाहेबांनी अहवालात ‘किंकाळी: निरंक’ असं लिहिलं. डबे त्याच संध्याकाळच्या जहाजाने परत जाणार होते. बाकीच्या भयपटांचंही थोड्याफार फरकाने हेच होत आलं होतं. कागद पुरे होईपर्यंत भुताचं पोट भरलेलं असायचं.

मी अनसूयाबाईंची माफी मागितली. कडबोळ्यांचंही सांगितलं.

बाईंनी पिशवी उचलून काखेत धरली. मग म्हणाल्या, “पिक्चराचो कागद रवांदे. भुताचो कागद झालो मा?”

“झाला.”

“मगे मी भुताकच घेवन जातंय.”

नियमात बसत होतं. रहिवासी भुताला आपल्या जागी आपला नेहमीचा धंदा करता येतो. फक्त सोबत सरकारी माणूस लागतो, म्हणून मी गेलो. बॅरन उन्हापासून जपून, बंद लाकडी पेटीतून आला.

नरकचतुर्दशीला सकाळी दहाचा खेळ. गावात त्या दिवशी घरोघर पोहे असतात आणि एकमेकांकडे जाऊन ते खायचे असतात. तरी दोनशेसाठ खुर्च्यांपैकी निम्म्याच भरल्या होत्या. दारं-खिडक्या लावल्या. दशावतारी मंडळींनी पेटी आणि मृदंग आणला होता. बॅरन पांढऱ्या पडद्यामागून बाहेर आला, झगा पसरला आणि पहिल्या रांगेला विचारलं, “जेवलात का?”

“अजून नाय,” कोणीतरी म्हणालं. “खेळ सुटल्यार खातलव.”

बॅरनने खेळ थांबवला. सर्वांचं खाणं होईपर्यंत पुढील कार्यवाही स्थगित, असं त्याने जाहीर केलं. लोकांनी घरोघर माणसं धाडली. गूळपोहे, ताकपोहे, फोडणीचे पोहे टॉकीजमध्ये आले, आणि ते घेऊन आलेली माणसं परत गेलीच नाहीत. अकरापर्यंत पायऱ्यांवरसुद्धा जागा उरली नाही.

त्याच वेळी दाजीशेट मिस्त्रीला घेऊन आले. यंत्रासाठी लांबी-रुंदी घ्यायची होती. मिस्त्रीने टेप काढला, पण त्याचं टोक जमिनीवर टेकवायला वीतभर जागा नव्हती. जिथे तिथे पोह्यांच्या ताटल्या आणि माणसं. कोणीतरी दाजीशेटना ओढून बसवलं आणि हातात ताटली दिली. अनसूयाबाई दाराशी उभ्या होत्या. त्यांनी शेटकडे पाहिलंही नाही.

मग खेळ झाला. बॅरनने सगळी कथा एकट्याने केली. किल्ला त्याने सांगितला, वादळ मृदंगवाल्याने केलं, नायिकेची वाक्यं पहिल्या रांगेतल्या बायका आपापल्या मताने बोलल्या. कोणी घाबरलं नाही. पोरंसुद्धा खाली बसून शेव वेचत होती. मी वहीत मनाशीच ‘निरंक’ लिहिलं.

शेवट आला. कथेप्रमाणे पहाट होते, खिडकी उघडते, ऊन पडतं आणि बॅरनची राख होते. बॅरन आपल्या कामात चोख. तो डावीकडच्या खिडकीपाशी गेला आणि कडी काढली. बाहेर साडेबाराचं कोकणातलं ऊन होतं. फटीतून त्याची एक रेघ आत आली आणि झग्याच्या टोकातून धूर निघू लागला.

तेव्हा किंकाळी आली. मी तशी एकवीस वर्षांत ऐकली नव्हती. दोनशेसाठ खुर्च्या एकदम मागे सरकल्या. बायका, म्हातारे, मृदंगवाला, सगळे ओरडत होते, आणि सगळ्यांच्या वर दाजीशेटचा आवाज होता: “अरे, बंद करा ती खिडकी! मरात तो!”

ते स्वतःच धावले. ताटल्या तुडवत, कुणाच्या मांडीवर पाय देत ते खिडकीपर्यंत पोहोचले, ती आपटून लावली आणि पाठ टेकवून उभे राहिले. त्यांना धाप लागली होती. बॅरनने झगा झटकला, त्यांचे रीतसर आभार मानले आणि खेळाचा शेवट बाकी असल्याचं निदर्शनास आणून दिलं.

“शेवट नको,” दाजीशेट म्हणाले. “उद्या परत सुरवातीपासून कर.”

मी वहीतलं ‘निरंक’ खोडून ‘एक, सामुदायिक’ असं लिहिलं. पिक्चर आता नियमाप्रमाणे पास होतं, पण डबे जहाजावर चढून पाच दिवस झाले होते, त्यामुळे ते आपल्याकडे लागलं नाही ते नाहीच.

लोक हळूहळू बाहेर पडले. दाजीशेट तिथेच उभे होते.

“मिस्त्री,” ते म्हणाले, “टेप काढ.”

अनसूयाबाईंनी पदराचं टोक मुठीत धरलं.

“ह्या खिडकीचा माप घे,” दाजीशेट म्हणाले. “पडदो जाड होयो. दुहेरी.”