सासरे उठले की चित्र फुटते

माझे सासरे उठले की दूरचित्रवाणीच्या पडद्यावरचे चित्र फुटते. आधी सगळीकडे चौकोन पसरतात, मग निवेदिकेचा डावा गाल तिच्याच कपाळावर जाऊन बसतो, आणि सेकंदाभरात सारे पूर्ववत होते. सासरे हलले नाहीत, तर यातले काहीही होत नाही.

मी प्रसारण केंद्राच्या तांत्रिक विभागात आहे. मनोऱ्यावरून निघणारा संकेत मानकाबरहुकूम आहे की नाही, हे तपासून सही करणे हे माझे काम. त्यामुळे बायकोने ही वार्ता आणली तेव्हा मी नुसता हसलो.

"अशक्य! तीनशे पानांच्या मानकात सासऱ्यांचा उल्लेख नाही."

"मग पुढच्या आवृत्तीत घाला," ती म्हणाली. "पण रविवारच्या आत घाला!"

रविवारी दुपारी बाराच्या बातमीपत्रात माझी मेहुणी प्रथमच दिसणार होती. ती सांकेतिक भाषेची दुभाषी. पडद्याच्या कोपऱ्यातल्या छोट्या चौकटीत उभी राहून ती बातम्या हातांनी सांगणार होती. सासूबाईंना जन्मापासून ऐकू येत नाही. बोलली गेलेली बातमी त्यांना आजवर दुसऱ्या कोणीतरी, सवडीने आणि निम्मीच सांगितलेली. आता ती थेट पोटच्या मुलीच्या हातांतून मिळणार होती. फक्त दहा मिनिटे, आणि पुनःप्रसारण नाही!

शनिवारी मी मोजमापाची उपकरणे घेऊन सासरी दाखल झालो. सासरे वजनमापे निरीक्षक म्हणून निवृत्त झालेले. त्यांनी चहाच्याही आधी वही पुढे केली.

"एक्केचाळीस वेळा उठलो, जावईबापू. अडतीस वेळा फुटले."

"योगायोग," मी म्हणालो.

ते उठले. चित्र फुटले.

"बसा!"

ते बसले. पुन्हा फुटले!

"बसतानासुद्धा?"

"बसण्याची वही वेगळी आहे," ते शांतपणे म्हणाले.

मी शास्त्रीय पद्धतीने एकेक शक्यता वगळू लागलो. घड्याळ उतरवले. किल्ल्या काढल्या. पट्टा गेला, लोकरी बंडी गेली. शेवटी मी कवळीकडे बोट दाखवले.

"कवळीही?" बायको ओरडली.

"तिच्यात धातूची तार आहे."

सासरे बोळक्या तोंडाने, एका हाताने विजार सावरत उठले. चित्र फुटले. एव्हाना त्यांच्या चेहऱ्यावर तेज चढू लागले होते. कवळी बसवून ते म्हणाले, "माझ्या अंगातच काहीतरी आहे. नोकरीत असतानाही मी आत शिरलो की तराजू थरथरायचे!"

"तराजू नाही बाबा, दुकानदार!"

माझी अस्वस्थता वाचकांनी समजून घ्यावी. कोसभर दूरच्या मनोऱ्यावरून सेकंदाला शून्य आणि एक असे दोन कोटी अंक धावत येतात. वाटेत कोणी हरवेल, म्हणून प्रत्येक तुकडीसोबत दुरुस्तीचे जास्तीचे अंक येतात. एकाच धक्क्यात सलग अंक बुडू नयेत, म्हणून त्यांचा क्रम मुद्दाम विस्कटून पाठवतात, आणि घरातल्या संचातली टीचभर चिप तो क्षणात पुन्हा लावते. संपूर्ण चित्र तर अधूनमधूनच येते. मधल्या वेळात केवळ काय बदलले तेवढे कळवले जाते, बाकीचे यंत्र आठवणीतून रंगवते. वीस वर्षे हेच करूनही समोर चेहरा उमटला की मी स्तब्ध होतो! वादळाला न जुमानणारी ही व्यवस्था एका पेन्शनराच्या उठण्याने कोसळत होती.

"उद्या तुम्ही बसल्या जागेवरून हलायचे नाही," मी निकाल दिला.

"शिंकलो तर?"

"बसून शिंका!"

रविवारी पावणेबारापासून सासरे खुर्चीत खिळून होते. सासूबाई त्यांच्या पुढ्यातच, पडद्यापासून दोन हातांवर बसल्या होत्या. बारा वाजले. कोपऱ्यात चौकट उघडली आणि तिच्यात मेहुणी उभी राहिली. तिने हात उचलले.

सासरे ताडकन उठले.

लेकीचे हात मनगटापासून तुटून हवामानाच्या नकाशावर गेले! बायको किंचाळली. सासरे घाबरून मटकन बसले. पुन्हा चौकोन! शरमेने पुन्हा उठले. पुन्हा!

"उभेच राहा!" मी गरजलो.

ते उभे राहिले. चित्र स्थिर झाले. सासूबाईंनी मागे वळून पाहिले नाही. त्यांचे हात मांडीवर लेकीच्या हातांबरोबर अस्पष्टपणे हलू लागले होते. कुठल्याशा धरणाचे दरवाजे उघडल्याची बातमी होती. ती त्यांना आमच्याबरोबर, आमच्याइतकीच कळत होती.

चौथ्या मिनिटाला सासरे एका बाजूला कलू लागले. "जावईबापू, मी पडतो बहुतेक!"

"सहा मिनिटे, बाबा!" बायको कुजबुजली.

सासूबाईंना ऐकू येत नाही. दिसते मात्र सगळे, पडद्याच्या काचेतले मागचे प्रतिबिंबही. पडद्यावरची नजर न काढता त्यांनी शेजारी आणून ठेवलेले स्वयंपाकघरातले लाकडी स्टूल पायाने मागे सरकवले, नवऱ्याच्या पोटऱ्यांना टेकवले आणि त्याचा सदरा धरून खाली ओढला.

"नको!" मी झेपावलो.

सासरे बसले. चित्र हलले नाही. ते उठले, बसले. धरणाचे पाणी संथ वाहत राहिले!

मी आदल्या दिवशी माणसावरची प्रत्येक वस्तू बदलून पाहिली होती, दातांपर्यंत. खुर्ची बदलली नव्हती.

बातमीपत्र संपेपर्यंत मी श्वास रोखून थांबलो. मग रिकाम्या खुर्चीची गादी दाबून सोडली. चित्र फुटले. सासऱ्यांचे तेज मावळले.

कारण असे. ती खुर्ची वायूच्या दट्ट्यावर खालीवर होणारी आहे. बसता-उठताना तिच्यात स्थिर विद्युतभार साचतो आणि धातूच्या भागांमध्ये न दिसणारी ठिणगी पडते. ठिणगीची लहर खुर्चीमागून जाणाऱ्या अँटेनाच्या केबलपर्यंत पोहोचते. एरवी केबलवरची तांब्याची जाळी ती अडवते. या केबलची जाळी मात्र टोकाच्या जोडणीपाशी कापली गेली असून कशालाही टेकलेली नाही. वेटोळे वाईट दिसते म्हणून गेल्या महिन्यात ही केबल आखूड करण्यात आली. ती जोडणी मी केली होती.