आईच्या स्टुलाची पुनर्निर्मिती

जगात टाकाऊ असं काही नसतं; वस्तू योग्य माणसाच्या हाती पडायची तेवढी राहिलेली असते. आमच्या घरी हा योग्य माणूस म्हणजे माझा थोरला भाऊ, दादा. बाथरूममधल्या आईच्या प्लॅस्टिकच्या स्टुलाच्या एका पायाला बारीक चीर गेली. वहिनी नवीन आणायला निघाली, तर दादाने तिला दारातच अडवलं.

"घरात एवढं प्लॅस्टिक लोळतंय आणि तू विकत आणतेस? मी करतो की घरच्या घरी!"

"कर बाबा, पण लवकर कर," आई म्हणाली. "गुडघे माझे गेलेत. उभ्याने आंघोळ नाही व्हायची मला."

सदर आश्वासनानुसार कार्यवाही तत्काळ सुरू झाली. (तत्काळ सुरू होणं हा दादाच्या सर्व कामांचा विशेष आहे. शेवटाबद्दल तो कधीच काही बोलत नाही.) कार्यपद्धती सोपी आहे. शाम्पूच्या बाटल्या, झाकणं, तेलाचे कॅन धुवायचे, लेबलं खरवडायची, बारीक तुकडे करायचे, ओव्हनमध्ये कणकेसारखे मऊ होऊ द्यायचे आणि लाकडी साच्यात कोंबून शिकंज्याने आवळायचे. निवली की फळी तयार! करवतीने कापा, रंधा मारा, भोकं पाडा. तिच्यापुढे सागवानाने झक मारावी. (ओव्हन वहिनीचा. त्यातल्या केकला हल्ली शाम्पूचा वास येतो, पण खाणाऱ्याचे केस गळल्याची तक्रार अद्याप नाही.)

एकच अडचण आली. पहिल्या फळीतच घरातला कचरा संपला. घर स्वच्छ झालं आणि दादाचा चेहरा उतरला. मग त्याने दूरदृष्टीने पुरवठा वाढवला. नळाचं पाणी बंद होऊन बाटलीचं सुरू झालं. बाटली ओव्हनमध्ये नुसतीच आक्रसायची, फक्त झाकण उपयोगी पडायचं, म्हणून रिकाम्या बाटल्या गॅलरीत छतापर्यंत गेल्या. शाम्पूची बाटली रिकामी व्हावी म्हणून सगळ्यांना दोन्ही वेळा डोकं धुण्याची सक्ती झाली. मला टक्कल आहे. तरी माझा वाटा मी इमानेइतबारे उचलला.

आमच्या घरगुती पाहणीनुसार फळ्या दुप्पट झाल्या, तेव्हा कचरा चौपट झाला होता. प्रगती दोन्ही अंगांनी होती.

तरीही चौथ्या पायाला माल कमी पडला. दादा घरभर फिरला आणि बाथरूमच्या दारात थबकला. आत उत्तम, जाड, रोज धुतलं जाणारं प्लॅस्टिक उभं होतं.

"अरे मेल्या, मी बसते त्याच्यावर!" आई ओरडली.

"आई, नवीन स्टुलासाठीच तर चाललंय ना सगळं?"

असं म्हणत दादाने करवत उचलली. बिनतोड युक्तिवादाचं असंच असतं. जुनं स्टूल कापलं, वितळवलं, आवळलं. मात्र एका प्रकारचं प्लॅस्टिक दुसऱ्या प्रकारात मुरत नाही, हा शोध त्यानंतर लागला. चौथ्या पायाचे पापुद्रे सुटले आणि तो हातातच आला.

सध्या चौकोनी स्टूल तीन पायांवर, भिंतीला टेकून, बाहेरच्या खोलीत आहे. आई नळाला धरून उभ्यानेच आंघोळ करते. काल तिचा पाय सटकला; वहिनीने धरलं म्हणून निभावलं. मला फार वाईट वाटलं. मग मी फळीवरून हात फिरवला, आणि काय ती गुळगुळीत! ऊर भरून आला.

घरी येणारा प्रत्येक जण स्टूल ठोकून पाहतो. "घरी केलंत? काय सांगता!" म्हणतो आणि साच्याचं माप विचारतो. आईचं अजून कोणी विचारलेलं नाही. तुम्हीसुद्धा मघापासून ओव्हन किती तापवायचा याचाच विचार करताय, हे मला दिसतंय. संकोच कसला? बसा, सगळं नीट सांगतो. आतून आई हाक मारतेय, पण घाई नाही. ती उभीच आहे.