अक्कांचे सगळ्यात जुने भाडेकरू

आमच्या घरमालकीणबाईंचा सगळ्यात जुना भाडेकरू म्हणजे त्यांचा नवरा. थट्टा करत नाहीये मी. दर अकरा महिन्यांनी त्या दोघांचा रीतसर भाडेकरार होतो, स्टँपपेपरवर, आणि गेली चार वर्षं साक्षीदार म्हणून त्यावर माझी सही आहे.

जळगावात आम्ही नवरा-बायको घर शोधत फिरत होतो तेव्हाची गोष्ट. मी एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करते. दिवसभर लोकांना सुया टोचून माझं बोलणंही टोचरं झालंय, असं सुनीलचं, म्हणजे माझ्या नवऱ्याचं मत आहे. असो. तर ‘वरचा मजला भाड्याने देणे आहे’ ही पाटी वाचून आम्ही आत शिरलो. ओट्यावर एक उंच, वाळके गृहस्थ शेंगा सोलत बसले होते. भाडं किती म्हणून विचारलं तर म्हणाले, “मला नका विचारू ताई. मी खालचा भाडेकरू. मालकीणबाई आत आहेत.” मग आवाज खाली आणून, “माणूस चांगलं आहे, पण कडक आहे हां.”

मालकीणबाई म्हणजे अक्का. ठेंगण्या, गोऱ्या, पदर खोचलेल्या. पाच मिनिटांत त्यांनी भाडं, पाणी, पार्किंग सगळं ठरवून टाकलं. आम्ही राहायला आलो. खाली एक मालकीण आणि तिच्याच घरात एक म्हातारा भाडेकरू, हे काय प्रकरण आहे ते काही कळेना. “काहीतरी लफडं दिसतंय,” सुनील दोनदा म्हणाला. आठेक दिवसांनी खालून आवाज आला, “अहो, बीपीची गोळी घेतली का? का तेही मीच बघू?” हा सूर बायकोशिवाय कुणाचा असू शकत नाही. मी सुनीलला म्हटलं, “लफडं नाही रे बाबा, लग्न आहे.”

हे नवरे म्हणजे देसले आबा. ते सरकारी मोजणी खात्यात होते. आयुष्यभर धुळे-जळगावच्या शिवारांतून साखळी ओढत त्यांनी लोकांचे बांध मोजले. त्यामुळे कुठलाही वाद निघाला की त्यांचं एकच वाक्य, “कागद काय म्हणतो?” भाजीवाल्याने जास्त पैसे लावले तरी हेच. आता भाजीवाल्याकडे कुठला आलाय कागद! पण आबा विचारणार.

आणि घराचा कागद म्हणतो की घर अक्कांचं. प्लॉट त्यांच्या नावावर, बांधकाम त्यांच्या नावावर, लाइटबिलसुद्धा त्यांच्याच नावावर. मग आपण कोण? भाडेकरू. दर एक तारखेला आबा इस्त्रीचा शर्ट घालतात, पायात चपला घालतात, मागच्या दाराने बाहेर पडून घराला वळसा घालून पुढच्या दाराशी येतात आणि बेल वाजवतात. अक्का दार उघडतात. आबा पाकीट देतात, अक्का पावती देतात, आणि “या, चहा घ्या” म्हणतात. पहिल्यांदा हे जिन्यातून बघितलं तेव्हा मला हसू आवरेना. अक्का मात्र चेहऱ्यावरची सुरकुती हलू देत नाहीत.

वरच्या मजल्याचं भाडं आणि आबांचं भाडं, दोन्ही अक्कांच्या खात्यात. त्यातून घरपट्टी, रंगरंगोटी, गच्चीची डागडुजी. किराणा आणि दवाखाना आबांच्या पेन्शनीतून. एकमेकांच्या पैशाला विचारल्याशिवाय हात लावायचा नाही. सुनीलला ही पद्धत फारच आवडली. “आपणही असंच करू या,” म्हणाला. मी म्हटलं, “कर की. आधी माझ्या नावावर घर घे.” तो विषय तिथेच संपला.

करारात एक कलम आहे: मालकाच्या परवानगीशिवाय भिंतीला खिळा ठोकणार नाही. आबांना नवीन कॅलेंडर लावायचं होतं. अर्ज केला, तोंडी. अक्का म्हणाल्या, बघू. संक्रांत गेली, शिवरात्र गेली, कॅलेंडर आपलं खुर्चीवर बसून आहे. आबा तिथी बघायला खुर्चीपुढे वाकायचे. मी म्हटलं, “आबा, ठोका ना एक खिळा, काय होतंय?” तर माझ्याकडे असे बघायला लागले, जणू मी दुसऱ्याच्या शेतात बांध सरकवायला सांगितला.

मे महिन्यात पाण्याची मोटार जळाली. जळगावचा मे, बाहेर कपडे वाळत घातले की दोरीवरच कडक. आबा तरातरा जिना चढून वर आले. “ताई, आपण भाडेकरूंनी एकी ठेवली पाहिजे. चला, मालकिणीकडे जाऊ.” आम्ही तिघं शिष्टमंडळासारखे अक्कांपुढे उभे. आबांनी भाषण सुरू केलं, “पाणी हा भाडेकरूचा हक्क...” अक्कांनी तांदूळ निवडता निवडता विचारलं, “मोटार चालू ठेवून दुपारी कोण घोरत होतं?” आबा थांबले. जरा विचार केला. मग आमच्याकडे वळून म्हणाले, “हे गैरवापरात बसतं. खर्च भाडेकरूकडे.” आणि निमूट वायरमनला फोन लावला.

अशी सगळी मजा चालली होती. गेल्या उन्हाळ्यात मात्र मजा संपली. त्यांचा मुलगा पुण्यात आहे. त्याला मोठा फ्लॅट घ्यायचा होता. तो म्हणाला, जळगावचं घर विका, तुम्ही दोघं आमच्याकडे या, एकत्र राहू. मुलगा वाईट नाही, काळजीनेच बोलत होता. अक्का हो म्हणेनात, नाहीही म्हणेनात. रावेरकडचे एक केळीचे व्यापारी घर बघून गेले. त्यांना पसंत पडलं. इसार द्यायला रविवारी येतो म्हणाले.

मला आमच्या बिऱ्हाडाची चिंता होतीच, खोटं कशाला बोलू? पण त्याहून जास्त राग आबांचा आला. माणसाचं जेवण निम्म्यावर आलं होतं. दुपारी पायरीवर बसून नुसते फाटकाकडे बघत राहायचे. आणि कुणी विचारलं की, “मालकीणबाई ठरवतील. मी काय, भाडेकरू माणूस.”

शनिवारी संध्याकाळी गच्चीवर ते अक्कांनी वाळत घातलेले बिबडे गोळा करत होते. मी सरळ विचारलं, “आबा, नाटक पुरे झालं. घर जातंय तुमचं. बोलत का नाही?”

त्यांनी ज्वारीचा तो पापड हळूच पाटीत ठेवला. म्हणाले, “धुळ्याला होतो तेव्हाची गोष्ट. लग्नाला तीन वर्षं झाली असतील, पोरगा कडेवर. कशावरून भांडलो तेही आता आठवत नाही. मी तिला म्हटलं, माझ्या घरातून चालती हो. घर तरी कुठे माझं होतं, ताई? भाड्याची खोली ती. डबा घेऊन कामावर निघून गेलो. संध्याकाळी आलो तर दाराला कुलूप. वाटलं, नरडाण्याला माहेरी गेली असेल. स्टँडवर गेलो. ही बाकड्यावर बसलेली, पोरगं मांडीवर झोपलेलं. नरडाण्याच्या कितीतरी गाड्या तिच्यासमोरून गेल्या होत्या. म्हटलं, गेली का नाहीस? तर म्हणाली, तिकडचं घर भावाचं, इकडचं तुमचं. मी कोठे जाऊ?”

आबांनी धोतराच्या सोग्याने चष्मा पुसला. “लोकांच्या जमिनी मोजत हिंडत होतो मी. आणि घरच्या बाईला पाय ठेवण्यापुरती जागा नव्हती. तिची पिशवी उचलली आणि घरी आणलं. एक शब्द बोललो नाही. मग प्लॉट घेतला तो तिच्या नावावर. परत कोणी तिला चालती हो म्हणू शकणार नाही. मीसुद्धा नाही. आता उद्या मी ‘विकू नको’ म्हटलं, तर घर परत माझंच झालं की नाही?”

मी त्यांच्याबरोबर उरलेले बिबडे गोळा केले.

पण माझ्या पोटात काही राहत नाही. रविवारी सकाळी कढीपत्ता मागायच्या निमित्ताने खाली गेले आणि अक्कांना सगळं सांगून टाकलं. अक्का पोळी लाटायच्या थांबल्या. “मला माहीत नाही का?” म्हणाल्या. “इतकी वर्षं भाडं घेते ते हौस म्हणून घेते? ते दिल्याशिवाय त्यांना अन्न गोड लागत नाही. माफी मागता येत नाही या माणसाला, म्हणून पाकीट देतो. पण मी काय पाकिटाची वाट बघत होते?”

व्यापारी अकराला आले. अक्कांनीच मला साक्षीला बसवलं होतं. व्यापाऱ्यांनी इसाराची रक्कम टीपॉयवर ठेवली. अक्कांनी तिला हात लावला नाही. आबांकडे वळून म्हणाल्या, “बोला.”

“मी काय, भाडेकरू...”

“भाडेकरूला नाही विचारत. पोराच्या बापाला विचारते. तुमच्या मनात काय आहे?”

आबा उभे राहिले. साहेबापुढे राहतात तसे, हात पोटाशी बांधून. आमच्याशी चार वर्षं शुद्ध बोलणारा हा माणूस अहिराणीत बोलला.

“माले आठेच ऱ्हावानं शे. तुन्हा घरमा.” इथेच, अक्कांच्या घरात राहायचं होतं त्यांना. मग मान खाली घालून, “त्या दिन मन्हं चुकनं.”

‘त्या दिन’ म्हणजे कुठला, ते व्यापाऱ्यांना कळलं नाही, पण शहाणा माणूस, विचारलं नाही. अक्कांनी पैसे उचलून त्यांच्या हातात परत दिले. “भाऊ, माफ करा. घर विकायचं नाही. पोराला मी समजावते, आमच्या खोलीसाठी त्याने भिंती वाढवायची गरज नाही. तुम्ही चहा घेऊन जा.” एवढं ताठ आवाजात बोलल्या आणि पदर तोंडाला लावून स्वयंपाकघरात गेल्या.

चहा शेवटी मीच केला. व्यापाऱ्यांना फाटकापर्यंत सोडून परत आले, तर आबा स्वयंपाकघराच्या दारात उभे होते. आत अक्का ओट्याला धरून उभ्या, पाठमोऱ्या. खांदे अजून हलत होते. मला माझी पर्स उचलून जायचं होतं, पण पाय निघेना.

आबा म्हणाले, “एक इचारू का? त्या दिन, स्टँडवर... तू काही खादं व्हतं का?”

“नही,” अक्का वळून न बघता म्हणाल्या. “तुम्ही तरी कोठे खादं? डबा तसाच भरेल व्हता. रातले घासतांना मी देखा.”