मेहुण्याचा झटका

“तुमचा यावर विश्वास बसणार नाही,” कात्रीकाका म्हणाले. “माझा स्वतःचाच अजून बसलेला नाही!”

हॉस्पिटलच्या तळमजल्यावरच्या हॉलमध्ये वीसेक खुर्च्या मांडल्या होत्या. पक्षाघाताचा झटका येऊन गेलेले पेशंट, शेजारी त्यांना सांभाळणारी घरची माणसं आणि फळ्यापाशी फिजिओ मॅडम. दर गुरुवारी हा वर्ग भरायचा. नव्या मंडळींना धीर यावा म्हणून मॅडम एखाद्या बऱ्या झालेल्या पेशंटला दहा मिनिटं बोलायला द्यायच्या. आज काकांना बोलावलं होतं. चाळीस वर्षं सलून चालवलेला माणूस! गळ्याशी वस्तरा असताना गिऱ्हाईक शंका काढत नाही, त्यामुळे काकांच्या थापांना आजवर कुणी आडवं आलंच नव्हतं. काकू मागच्या रांगेत मांडीवर पिशवी घेऊन बसल्या होत्या.

गोष्ट दीड वर्षापूर्वीची. काकांची उजवी बाजू गेली होती आणि वॉर्डातल्या मुक्कामाला एकोणीस दिवस झाले होते. छतावरच्या पंख्याची पाती मोजून झाली, पात्यांवरची धूळही मोजून झाली. घरी जायचं, एवढा एकच ध्यास. पण मॅडमचा नियम पक्का. घरच्या माणसानं तीन गोष्टी करून दाखवायच्या : पेशंटला ठसका न लागू देता पाणी पाजणं, शर्ट घालणं आणि पलंगावरून खुर्चीत घेणं. पास झालात तर उद्या घरी. नापास झालात तर आणखी आठवडाभर पंखा!

याच हॉलमध्ये काकू शिकायला पुढे आल्या, तर त्यांच्या भावानं त्यांना हातानंच मागे सारलं.

“ताई, तू राहू दे. तुला नाही जमायचं. भावजींना मी असा उचलीन, की त्यांना वाटेल विमान उडालं!”

मेहुणा हौशी नाटकवाला. पंधरा वर्षांत एकच भूमिका मिळाली होती, तीही पहिल्या अंकात मरणाऱ्याची. मॅडम शिकवतील ते त्यानं संवादासारखं पाठ केलं. तोंड वाकडं झालं, हात लुळा पडला, बोलणं अडखळलं, तर घड्याळात वेळ बघायची आणि थेट हॉस्पिटल गाठायचं. लुळा हात धरून ओढायचं नाही. शर्ट घालताना आधी लुळा हात बाहीत, मग चांगला. सगळं कसं घडाघडा!

मॅडम म्हणाल्या, “पाठ झालं ते ठीक आहे. आता पेशंटला काय वाटतं ते अनुभवा.”

त्यांनी मेहुण्याला चाकाच्या खुर्चीत बसवलं, उजवा हात छातीशी झोळीत बांधला आणि बजावलं, “आता पेशंट तुम्ही. मी सांगेपर्यंत बोलायचं नाही, उजव्या अंगानं काही करायचं नाही. काका, तुम्ही यांना सांभाळा.”

काकू पाणी भरून आणायला गेल्या. एवढ्यात मॅडमना फोन आला. त्या बाहेर गेल्या आणि वॉर्डातल्या मावशी कागद घेऊन आत आल्या. नव्या होत्या त्या, दुसराच दिवस. कागद होता काकांचा, स्कॅनला न्यायचा. मावशींनी हॉलभर नजर टाकली. काका आपले साध्या खुर्चीत, नीट भांग पाडून बसलेले. आणि चाकाच्या खुर्चीत एक गृहस्थ, हात बांधलेला, तोंड असं वाकडं की ओठाचं टोक कानाला भेटायला निघालेलं!

“चला बाबा,” म्हणत मावशींनी खुर्ची ढकलली.

मेहुणा चकार शब्द बोलला नाही. त्याला वाटलं, हाही परीक्षेचाच भाग!

स्कॅनच्या दाराशी तरुण डॉक्टरनं विचारलं, “नाव सांगा.”

“बाऽ बाऽ.”

“हात उचला.”

हात ओल्या टॉवेलासारखा लोंबला. लाळसुद्धा गाळली हो! डॉक्टरनं कागद पाहिला. पेशंट काठी घेऊन चालतो, असं लिहिलेलं. आणि समोर हा मांसाचा गोळा!

“दुसरा झटका! वेळ बघा! मोठ्या डॉक्टरांना बोलवा!”

धावपळ उडाली. एका नर्सनं सुई काढली. सुई पाहून मेहुण्याचा चेहरा खरोखरच पांढराफटक पडला, तर डॉक्टर म्हणाला, “रंगही गेला!”

इकडे मावशी मेहुण्याला घेऊन गेल्याचं काकांनी पाहिलं होतं. मेहुणा अ‍ॅडमिट झाला तर परीक्षा कोण देणार? उद्या घरी कोण नेणार? चार पायांची काठी घेऊन काका निघाले, पाणी घेऊन परतलेल्या काकू मागोमाग. एकशे सत्तर पावलं! वाटेत दोन जिने लागले, असं काकांनी सांगितलं. (स्कॅनची खोली त्याच मजल्यावर आहे.)

“माझं बोलणं तेव्हा जरासं हळू होतं, एवढंच,” काका सांगत होते. हॉल आता पुढे सरसावून ऐकत होता. “दारात उभा राहिलो आणि म्हणालो, डॉक्टरसाहेब, थांबा! हा माणूस ठणठणीत आहे. रोगी मी, सोंगी तो! ज्याला झटका आलाय त्याला तुम्ही नातेवाईक समजताय, आणि नातेवाइकाला टोचताय. कागद बघता, माणूस कधी बघणार? अशी पाच मिनिटं बोललो! मोठ्या डॉक्टरांच्या डोळ्यांत पाणी. म्हणाले, काका, इतकं स्वच्छ बोलणाऱ्याला आम्ही कशाला ठेवायचं? आणि दुसऱ्याच दिवशी सकाळी घरी!”

टाळ्या पडायला लागल्या होत्या. मॅडमनी फळ्याकडे तोंड फिरवलं. त्यांचे खांदे हलत होते. मागच्या रांगेत पिशवी खाली ठेवल्याचा आवाज झाला. काकू उभ्या राहिल्या.

“अहो, किती थापा माराल? दुसऱ्या दिवशी कुठले घरी! माझा भाऊ नापास झाला, मग मी शिकले, पास झाले, तेव्हा कुठे आठ दिवसांनी सुटलात. आणि भाषण? तेव्हा तुमच्या तोंडून दुकानातले दोनच शब्द निघायचे, ‘मान खाली!’ तेच दारातून गरजलात, आणि तो तरुण डॉक्टर बिचारा घाबरून खरंच मान खाली घालून उभा राहिला!”